चव्वेचाळीस नंबरचे केस

प्रिय आडेवुमीदादा,

हे पत्र मी टाकणार नाहीये, म्हणूनच खरं लिहिते. आईच्या सत्तरीसाठी तू लंडनहून पाठवलेला विग मिळाला. त्यावरचा रंगाचा नंबर बघून आई किंचाळलीच, "चव्वेचाळीस? म्हणजे निम्मे पांढरे! म्हातारी झाले काय मी?"

"अगं, सत्तर म्हणजे..."

"गप गं! मला १बी हवाय. काळा, पण खरा वाटणारा."

बालोगुन बाजारातल्या विगवालीने रंगीत बटांचा जुडगा पुढे धरला. आईने १बीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिची बोटं ९९जेवर थांबली. वाइनसारखा गर्द लाल! "हाच दे," म्हणाली.

रविवारी सत्तरीच्या प्रार्थनेला ती लाल केसांनिशी ढोलाच्या तालावर नाचतच चर्चमध्ये शिरली. तुझी भेट वाया जायला नको, म्हणून विग तिने माझ्या डोक्यावर चढवला होता. शेजारच्या पोरी मला, म्हाताऱ्यांना करतात तसा, गुडघे टेकून नमस्कार करू लागल्या. नवे पाद्री तर थेट माझ्याच डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आजी, सत्तरी गाठलीत, आता शंभरी गाठा!"

आणि आपली आई, शेजारी उभी राहून, सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, "आमेन!"

तुला पाठवायच्या पत्रात लिहीन, विग छान बसला.

तुझी धाकटी (कालपर्यंत) बहीण,
मोरेनिके