कापलेलं मेज

२ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

फोन केला की तू मध्येच ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहितेय. पत्रही मध्येच टाकून देशील, पण तासाभराने परत उचलशील. लहानपणापासून ओळखते तुला.

काल शाळेच्या वाचनालयात नवे अंक मांडत होते. एका साप्ताहिकात अख्खं पान तुझं. वर्कशॉपच्या दारात उभा राहून, शेजारी तुझ्याहून उंच फळी धरून हसतोयस. खाली लिहिलंय की हा कारागीर भंगारातल्या लाकडातून लाटांवर स्वार व्हायचे सर्फबोर्ड बनवतो. वाचून मला आधी कौतुकच वाटलं. शेजारच्या बाईंना दाखवलंसुद्धा, की हा आमचा धाकटा. मग त्याच बाई म्हणाल्या, मधे हा काळा गोल कसला आहे हो.

तो गोल कसला ते मला सांगू नकोस. बाबांच्या सरसाच्या डब्याचा डाग आहे तो. डबा गरम असताना मेजावर ठेवला म्हणून आईने त्यांना आठवडाभर बोलून घेतलं होतं. अर्धा डाग एका पट्टीवर, अर्धा दुसरीवर, आणि मधून तू करवत फिरवलीस. बाबांचं सुतारकामाचं मेज कापलंस तू! ज्या मेजावर आपल्या दोघांचे पाळणे झाले, ते आता भंगार झालं होय रे?

इथे काय चाललंय ते तुला माहीत तरी आहे का? खुब्याचं हाड जुळलं, काठी घेऊन चालतात, पण बोलत नाहीत. दिवसभर खुर्चीत, हात मांडीवर. डॉक्टर म्हणाले की हाताला काम द्या, नाहीतर माणूस मिटत जाईल. म्हणून मी बाल्कनी रिकामी केली. सगळ्या कुंड्या खालच्या मजल्यावर वाटून टाकल्या. टेपने तीनदा माप घेतलं. मेज चार बोटं राखून बसत होतं. जिन्यातून वळणार नाही म्हणून दोर लावून वर ओढणारी माणसंही ठरवली. बाबांना जानेवारीतच म्हटलं होतं, मार्चमध्ये तुमचं मेज येतंय. आता मी त्यांना काय सांगू, ते तूच लिहून पाठव.

लोभाचं नंतर बघू.

तुझी ताई

———

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा टाकलं आणि दोनदा उचललं, झालं समाधान?

पहिली गोष्ट, भंगार हा शब्द त्या बातमीदाराचा. मी त्याला सांगितलं होतं की मी पाडलेल्या घरांची दारं, जिन्याच्या पायऱ्या, शाळांचे जुने बाक घेतो. एकेक खिळा उपसतो, पट्ट्या पाडतो, आत बरगड्या बसवून वर पट्ट्या चिकटवतो. फळी पोकळ असते, हलकी असते आणि पोहणाऱ्या माणसापेक्षा जास्त जगते. त्याने सगळं ऐकलं आणि भंगार लिहिलं. त्याच्यावर मीही चिडलोय, पण तुझ्याइतका कोणी कोणावर चिडू शकत नाही.

दुसरी गोष्ट. मेज बाबांना विचारून कापलं. जानेवारीत फोनवर विचारलं की मेजाचं काय करू. ते म्हणाले, काप आणि तुझ्या फळ्यांना लाव. दोनदा म्हणाले. चाळीस वर्षांत मी त्यांचं एकदाही ऐकलं नाही म्हणून तूच ओरडायचीस. पहिल्यांदा ऐकलं, तर त्याचंही चुकलं.

आणि आता माझं ऐक. तू बाबांजवळ आलीस म्हणून मी चार दिवस फळ्या पोचवायला बाहेर गेलो. परत आलो तर घराला कुलूप. बाबा नाहीत, त्यांची खाट नाही, चष्म्याची पेटी नाही. दारावर तुझी चिठ्ठी, की बाबांना घेऊन जातेय, तुझ्याच्याने होणार नाही. हे ठरवलं कोणी? बाबा पडले तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन दवाखान्यात मी गेलो होतो. दीड महिना त्यांची उठबस मी केली. तू दोन दिवस आलीस, नाक मुरडलंस, भुशात म्हातारा माणूस कसा ठेवतोस म्हणालीस आणि चिठ्ठी लावून निघून गेलीस. माझ्या वाट्याला तेवढं मेज उरलं होतं, तेही तुला बाल्कनीत हवं होतं.

खरं सांगतो, बाबा काप म्हणाले ते रुसून म्हणाले असतील, हे मला तेव्हाही वाटलं होतं. तरी मी शब्द धरून बसलो. त्याच संध्याकाळी करवत लावली. रागातच कापलं. बरं वाटलं, आणि मग बरं वाटेना. त्या मेजाची मी एकच फळी केली, दुसरी करायचा जीव झाला नाही. एक पोहायला शिकवणारी बाई ती महिनाअखेर घेऊन जाणार आहे.

लोभ ठेवायचा की नाही ते तूच ठरव. बाकीचं सगळंही तूच ठरवतेस.

ठोक्या

———

१४ मार्च

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

बाबा काप म्हणाले आणि तू कापलंस! अरे, बाबा चहा नको म्हणाले म्हणून कप कोणी कधी परत नेला का? माझ्या लग्नात मी येणार नाही म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी मांडवात जाऊन बाक मोजत बसले होते. त्यांचं नको म्हणजे हो, जा म्हणजे थांब, हे या घरात रांगणाऱ्या पोरालाही कळायचं. तुलाही कळलं होतं, तूच लिहिलंयस. त्याची लाज वाटू दे जरा.

चिठ्ठीचं माझं चुकलं. तुझी वाट बघायला हवी होती. पण वाट बघितली असती तर आपण भांडलो असतो, आणि बाबा मधे बसून ऐकत राहिले असते. हे कारण आहे, सबब नाही. तुला सबब वाटली तर वाटो.

परवा मात्र माझाही तोल गेला. बाबा सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. शर्टाची बटणंसुद्धा मीच लावून दिली. हल्ली ते आळस करतात, चहाचा कपही दोन्ही हातांनी धरतात. मी तो अंक त्यांच्या मांडीवर आपटला आणि म्हटलं, बघा तुमच्या लाडक्याने काय केलं ते. मला वाटलं रडतील. निदान मला धरून रडतील.

त्यांनी भिंग मागितलं. अंक घेऊन खिडकीपाशी गेले, काठी विसरून गेले. किती तरी वेळ बघत होते. आणि मग असे ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. गाढव, आंधळा, दीडशहाणा, जे जे ठेवणीतलं होतं ते सगळं काढलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चढा आवाज ऐकला मी. तुझ्यावरचा राग माझाही होता, तरी मला मेलीला हसू फुटलं. तर माझ्यावरही ओरडले, की अंकाचा कोपरा कशाला दुमडलास.

मग कागद मागून दार लावून बसले. दोन दिवस लिहीत होते. पाकीट स्वतः चिकटवलं, मला वाचू दिलं नाही. सोबत पाठवतेय. तुझं नाव टाकलं असेल त्यात, मन घट्ट करून वाच.

कळावे.

ताई

———

१४ मार्च

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे. डाव्या हाताने लिहितोय. कारण पुढे येईल. ताईला आलेलं तुझं पत्र मी वाचलंय.

फोटोत फळीच्या शेपटाकडे बघ. डाव्या कडेला बोटाएवढा निळसर काळा डाग आहे. तुला ती लाकडाची रेघ वाटली असेल. लाकडाची नाही, लोखंडाची आहे. तो ठोकळा मेजाच्या मागच्या पायाचा आहे आणि आत खिळा आहे. समुद्राचं पाणी लागलं की गंजेल, फुगेल, वरचा थर फोडेल. आत पाणी शिरलं की फळी त्या बाईला भर लाटेत दगा देईल. ती फळी कोणाला देऊ नकोस. हे पत्र वाचून झालं की आधी तिला निरोप पाठव.

जुन्या लाकडावर आधी हात, मग चुंबक, मग रंधा. पन्नास वेळा सांगितलंय. अनोळखी दाराला तू हात लावतोस आणि बापाच्या मेजाला लावत नाहीस. का लावला नाहीस ते मला कळतं. रागात कापलेलं लाकूड कोणी तपासत नाही.

तो खिळा मीच मारला होता. मेजाचा पाय चिरला तेव्हा. मेजाला खिळा मारणारा सुतार नव्हे, असं तुला शिकवायचो, म्हणून वर लाकडाची गुडदी ठोकून भोक बुजवलं आणि रंधा मारला. कोणाला कळलं नाही. तुलाही नाही.

आता मेजाचं. काप म्हणालो ते रुसून नाही. खरंच म्हणालो. तुम्ही दोघं मला उलटं वाचायला इतके शिकलात की सरळ बोललेलं कळत नाही. पडलो तेव्हा खुबा गेला ते सगळ्यांनी बघितलं. उजवा हात गेला ते कोणी बघितलं नाही. मूठ वळत नाही. तुझ्याकडे होतो तेव्हा तू फळ्या घेऊन बाहेर गेलास, मागे रंधा उचलून बघितला. पायावर पडला. इथे बटणं लागत नाहीत. ताईला मी आळशी वाटतो, वाटू दे म्हटलं. तिने कुंड्या वाटल्या, माणसं ठरवली, तीनदा माप घेतलं. तिला कुठल्या तोंडाने सांगू की मेज आणून माझ्यासमोर ठेवशील, तर मी त्याच्याकडे नुसता बघत बसेन. त्यापेक्षा कापलेलं बरं. म्हणून तुला सांगितलं.

हे तिला तोंडाने सांगता येत नाही. हे पत्र तू येशील तेव्हा तिला वाचून दाखव. मी दुसऱ्या खोलीत बसेन.

शेपूट तू एकटा उघडू नकोस, सगळा ठोकळा फोडशील. खिळा तिरका आहे. कसा मारला होता ते माझ्या लक्षात आहे. पटाशी तू धर. कुठे लावायची ते मी दाखवतो, डाव्या हाताला अजून लाकूड कळतं. रविवारी न्यायला ये. ताईलाही सुट्टी आहे, तीही येईल. गाडीत भांडू नका. ओरडायची पाळी माझी आहे, आणि तीन महिन्यांचं साचलंय.

लोभ आहेच.

बाबा