गार्थच्या शर्टांची गोधडी

विनिपेग, ४ मार्च १९८७

चि. लोर्नास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी गोधडी पोचली. आल्याआल्या खोका उघडला. तुझ्या नवऱ्याचे चौकड्यांचे शर्ट लगेच ओळखले. त्यांवर बाईची आकृती, आणि गार्थने जिथे जिथे तुला मारलं तिथे तिथे लाल दोरा. जबड्यापाशी तर नुसता गुंता. मला रडू आवरेना.

आमच्या कलादालनात मी मांडतेय त्या प्रदर्शनात सात जण आहेत आणि सातांची सात तोंडं. आधी सगळी कामं भिंतीला नुसती टेकवून ठेवायची, कोण कोणाशेजारी नांदतं ते बघायचं आणि मगच खिळा ठोकायचा, ही माझी रीत तुला ठाऊक आहेच. युकॉनच्या एकाने सुऱ्याने चिरफाळलेलं मूस हरणाचं कातडं पाठवलंय. त्याच्याशेजारी हॅलिफॅक्सच्या बाईंची जलरंगातली फुलं पार गुदमरली. तुझी गोधडी मात्र त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. कलावंत म्हटलं की तोंड वाकडं करतेस ना, कर आता.

कळावे. भांडत का होईना, माया ठेव.
तुझी आर्डिथताई

कॅन्सो, १५ मार्च १९८७

ती. ताईस, लोर्नाचा सा. न. वि. वि.

इकडे खाडीतला बर्फ फुटायला लागला. कारखान्यात कॉड मासे कापून कापून बोटं सोलवटलीत, आणि तू म्हणे मला कलावंत करतेस. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, मग या कलावंतांनी तिची उसनी साखर परत करावी.

गोधडी लाव. पण नाव आईच्या माहेरचं, पेटिपा, आणि माझा फोटो नको. गार्थ ब्रँडनला, तुझ्यापासून मोटारीने दोन-अडीच तासांवर. सापडली तर गळा चिरीन, असं तो गुत्त्यात सांगत फिरतो हे तूच कळवलं होतंस. तो मेला चित्रं बघायला कशाला जातोय, असं तू म्हणशील. तरी ताई, पळून आल्यापासून आत्ता कुठे मी दाराची कडी पुन्हापुन्हा न बघता झोपते. तेवढं घालवू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी लोर्ना

विनिपेग, ६ एप्रिल १९८७

लोर्ना, आशीर्वाद मागाहून. हे पत्र हाती पडताच घर सोड.

वर्तमानपत्रात गोधडीचा फोटो आला. फक्त गोधडीचा, तुझा नाही. पण स्वतःचे शर्ट कोण ओळखणार नाही? काल दुपारी गार्थ कातडं सोलायचा सुरा घेऊन आत शिरला आणि गोधडी गळ्यापासून खालपर्यंत फाडली. आमचा म्हातारा पहारेकरी ऑसी मध्ये पडला, तर त्याचा कान लोंबकळायला लागला. मग माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. तू कुठे आहेस म्हणून विचारत माझी दोन बोटं मोडेपर्यंत मागे वाकवली. मी तोंड उघडलं नाही. प्लास्टर घालताना नर्सला हे मोठ्या दिमाखात सांगितलंसुद्धा.

परत येऊन बघते तर गोधडीशेजारची पाटी उखडून नेलेली. प्रत्येक कलावंताचं नाव, जन्मगाव, आणि सध्या कुठे राहून काम करतो ते. त्याशिवाय आमचं एकही प्रदर्शन लागत नाही. सातही पाट्या मीच लिहिल्या. पेटिपा लिहिलं आणि खाली सवयीने कॅन्सो लिहिलं. नाव लपवलं आणि गाव भिंतीवर लावलं गं मी.

पोलिसांना तो सापडलेला नाही. तुला निरोप मिळतो त्या गावातल्या दुकानाचा फोन वादळाने बंद आहे. तिकडच्या पोलिसांना कळवलंय, माणूस पाठवतो म्हणालेत. तू वाट बघू नकोस. नीघ.

आर्डिथ

२२ एप्रिल १९८७

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र गार्थच्या मागून आलं.

तो आला त्या दिवशी सकाळी त्याने लाथेने दार फोडलं. हातात पाटी होती. ती मला मोठ्याने वाचून दाखवली, आईचं नाव, गाव, सगळं. म्हणाला, तुझ्या बहिणीचं अक्षर छान आहे. मग सुरा माझ्या खांद्यात घातला. ओट्यावर मासे कापायची सुरी होती. माझा हात दिवसभर त्याच कामावर असतो, तो चुकला नाही. गार्थ चुलीपुढे पडला. मरायला त्याला वेळ लागला. पाणी मागितलं, ते मी दिलं. पोलीस नंतर आले. जीव वाचवायला केलं, खटला होणार नाही म्हणतात.

पण परवा त्याचे दोघे भाऊ गावात येऊन दुकानात माझी चौकशी करून गेले. म्हणून मी निघालेय. पत्र वाटेतल्या एका गावात टाकते आहे.

तुझा राग नाही असं लिहायला बसले होते, पण आहे. बोटं मोडली तरी तू बोलली नाहीस. असं दुसरं कोणी केलं नसतं. आणि कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं तेव्हा तूच सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलंस. म्हणून ताई, या वेळी कुठे जातेय ते तुलाही सांगत नाही.

लोभ आहेच. तो पत्त्यावाचून सांभाळ.
लोर्ना