भिंगरीला खरंच बिबट्यानं नेलं होतं का?

प्रिय तात्या,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसले ती आठवण आली म्हणून नाही. संशय आला म्हणून. आणि तो तुमचाच!

परवा ओतूरच्या बाजारात भिंगरी दिसली. हो, आपल्या हरणी कुत्रीचं पिल्लू. तिला बिबट्यानं उसात ओढून नेलं, असं तुम्ही आईला सांगितलं होतं. निमुळतं लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट, कमानदार पाठ. कारवान जातीची कुत्री सगळी अशीच दिसतात, मान्य. पण डाव्या कानाला तारेनं पडलेली खाच? तिच्यावर आईनंच हळद दाबली होती ना?

दोरी एका म्हाताऱ्याच्या हातात होती. "कुठून आणली?" मी विचारलं. "घरचीच हाय," म्हणाला आणि चालायलाच लागला. चोर! माझी खात्रीच झाली. विचारत विचारत दुसऱ्या दिवशी मी आणे गावच्या पठारावर त्याचं घर गाठलं.

"चोरली न्हाई, ताई," तो म्हणाला. "तुमच्या तात्यांनीच आणून दिली. हिची आई बिबट्यानं नेली, तवा. म्हनले, ही जात नजरंवर धावती, वासावर न्हाई. उसात हिला काय दिसनार? हितं लई मोकळं हाय, पळू द्या तिला."

गोष्ट रचायला काय लागतं? मी विचारलं, "मग आईला का नाही सांगितलं?"

"जित्ती हाय कळलं तर ती माघारी नेईल, म्हनले. अन् बिबट्या तर तिथंच हाय." मग म्हणाला, "तात्या यायचे की मधनंमधनं. ही परक्याला अंगाला हात लावू देत न्हाई, पन त्यांच्या मांडीवर तोंड ठिवायची. घोड्यांच्या तांड्यांमागं पळत लांबच्या मुलखातनं आलेली जात हाय, असं तिलाच सांगत बसायचे."

हे मात्र तुमचंच बोलणं! हरणीलाही तुम्ही हेच सांगायचात.

म्हणजे ओतूरला कांद्याचा भाव बघायला जायचात, तो हाच का? तुमच्या धोतरावर पिवळट केस दिसले, तेव्हा मी विचारलं होतं. "म्हशीचे असतील," म्हणालात. आपली म्हैस काळी कुळकुळीत आहे, तात्या! अजून काय काय लपवलंत?

कुत्री वाचवलीत, ते चांगलंच केलंत. पण भिंगरी गेली त्या दिवशी फाटक आपणच उघडं ठेवलं, म्हणून बिबट्या आत आला, असं आई अजून म्हणते. तुमच्यासमोर म्हणायची. रडायची. तुम्ही ऐकत होतात ना? मग गप्प कसे बसलात?

येत्या रविवारी आईला आण्याला घेऊन जाणार आहे. भिंगरीला परत आणणार नाही, हा माझा शब्द. ती पठारावरच पळेल. पण त्या दिवशी बिबट्या आलाच नव्हता, फाटकाचा काही दोष नव्हता, हे मी आईला सांगणार आहे. त्यानंतर ती तुम्हाला जे बोलेल, ते मात्र निमूट ऐकून घ्या.

तुमचीच,
सुमन