कपाट सज्ज आहे

४ जानेवारी, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. मनाला वळण लागतं.
इन्चार्ज सिस्टरनी मला कॅज्युअल्टीतल्या लहान मुलांच्या इमर्जन्सीचा समन्वयक नेमलं. सहा आठवड्यांनी तपासणी. एवढ्या ब्रदर-सिस्टरमधून मलाच का, हे मी विचारलं नाही. शिस्त लपत नाही.
संकल्प : मुलांचं सगळं सामान एका जागी. महिन्यातून दोनदा सराव. गेल्या वर्षीचा विषय काढायचा नाही.

४ जानेवारी, संध्याकाळी
गेल्या वर्षीचा विषय एकदाच लिहून संपवतो.
दोन वर्षांची मुलगी. श्वास थांबत चाललेला. बाहेर सगळे मोठ्या माणसांचे मास्क, तिला कपाळापासून गळ्यापर्यंत येणारे. लहान मास्क कपाटात, कपाटाला कुलूप. मुलगी गेली. त्या दिवशी माझी रजा होती. मस्टर साक्षी आहे. अहवालात लिहिलंय, साहित्य वेळेत उपलब्ध झालं नाही. वाक्य मीच सुचवलं होतं. चांगलं वाक्य आहे, कुणालाच लागत नाही.
संपला विषय.

८ जानेवारी
कपाट लावून झालं. तान्ह्या बाळापासून बारा वर्षांपर्यंत पाच खण. मास्क, नळ्या, सुया, उंचीवरून वजनाचा अंदाज सांगणारी रंगीत पट्टी. मुलांचा वजनकाटा सापडेना. लाँड्रीत निघाला, चादरींचे गठ्ठे मोजत बसला होता. आणला. अजून साबणाचा वास येतो.
मग कुलूप लावलं. धाकटी सिस्टर, म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी, म्हणाली, ब्रदर, पुन्हा कुलूप? मी शांतपणे समजावलं की कुलूप नसेल तर मेल वॉर्डवाले आठ दिवसांत कपाट धुऊन नेतील. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी खडूंची पेटी कुलपात ठेवायचे. वर्षअखेरीला जवळजवळ सगळे खडू शिल्लक असायचे.
म्हणाली, मग वर्षभर फळ्यावर लिहायचे कशाने?
हल्लीच्या मुलींना उदाहरण देऊन उपयोग नाही.

१२ जानेवारी
कपाटातून चूं असा बारीक आवाज येतो. बिजागरीला तेल घातलं.

१४ जानेवारी
आवाज आहेच. दुसऱ्या बिजागरीला तेल.

१५ जानेवारी, दुपारी
वॉर्डबॉय मामांनी विचारलं (माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, तरी हुद्दा बॉयच), आवाज दार उघडताना येतो की लावताना? मी म्हटलं, दार बंद असताना. त्यांनी तेलाची बाटली माझ्या हातातून काढून कपाटावर ठेवली आणि माझ्यासाठी चहा आणायला गेले. मी चहा मागितला नव्हता.

१९ जानेवारी
पहिला सराव. पेशंट म्हणून आयाबाईंच्या, म्हणजे मावशींच्या, नातीची बाहुली. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने तिला स्ट्रेचरवर पट्टे बांधून आणलं, नाटकी माणूस. धाकटीने वजन केलं. तीनशे ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनाला डोस नाही, हिच्यासाठी ब्रदरनीच नामस्मरण करावं. सगळे हसले.
वेळ, नऊ मिनिटं. त्यातली चार हसण्याची, ती वजा. तीन किल्ली शोधण्याची, तीही वजा. किल्ली पाकिटात, पाकीट शर्टात, शर्ट लॉकरमध्ये होता. खऱ्या वेळी असं होणार नाही. निव्वळ दोन मिनिटं. रजिस्टरमध्ये दोन लिहिली.
मावशी मात्र हसल्या नाहीत. बाहुलीचे केस बोटांनी नीट केले आणि पिशवीत घालून घेऊन गेल्या.

२ फेब्रुवारी
दुसरा सराव. सगळ्यांना आदल्या दिवशी वेळ कळवली होती. सरावात वेळ वाया जाऊ नये म्हणून कुलूप मी आधीच उघडून ठेवलं. चाळीस सेकंद.
रजिस्टर पाहून इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, मुलंही आदल्या दिवशी कळवून येणार आहेत का? त्यांना थट्टा आवडते. मनातून खूश असाव्यात.

५ फेब्रुवारी, सकाळी
ही म्हणाली, हल्ली पूजेला बसता पण तुमचे डोळे मिटत नाहीत. मी म्हटलं, वय झालं. मग म्हणाली, देवासमोरचा तो उजवा कोपरा मोकळा का ठेवता? तिथे एक फूलही ठेवू देत नाही. मी म्हटलं, देवाला हवा लागते.
हिला सांगितलं नाही, इथे लिहितो. पूर्वी मी ड्यूटीवरून आलो की कपाटाची किल्ली त्या कोपऱ्यात ठेवायचो. सकाळी नमस्कार करून उचलायचो. त्या दिवशी रजा, म्हणून किल्ली देवाच्या पायाशी. फोन आला तसा तिथून उचलून पळालो. एकवीस मिनिटं लागली. कॅज्युअल्टीत शिरताना पायाखाली काहीतरी आलं आणि चूं वाजलं. लहान मुलांची असते ती वाजणारी चप्पल.
आता मी किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घालतो. म्हणजे दोष होता तो दूर झाला.
बिजागऱ्या बदलून घ्यायला हव्यात.

९ फेब्रुवारी
नव्या बिजागऱ्या बसवल्या. आवाज आहे. पत्रा आकसत असेल.

१५ फेब्रुवारी
तपासणी. दोन बाई, एक गृहस्थ. प्रत्येक खण उघडून पाहिला. यादीवर सगळीकडे बरोबरची खूण. मोठ्या बाईंनी किल्ली कुणाकडे असते विचारलं. मी गळ्यातून काढून दाखवली. म्हणाल्या, आणि तुम्ही नसता तेव्हा? मी म्हटलं, मी असतोच. त्यांनी वहीत बरंच काही लिहिलं. एवढं लांबलचक कौतुक माझं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, दुपारी
सकाळी ॲम्ब्युलन्सच्या लोकांपुढे माझं व्याख्यान होतं, मागच्या इमारतीतल्या हॉलमध्ये. विषय, मुलांच्या बाबतीत सज्जता. व्यत्यय नको म्हणून फोन बंद ठेवला. चौदाव्या मुद्द्यावर होतो. ड्रायव्हर दाराकडे पाहायला लागला. दारात मामा. मामांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हाताने नुसती किल्ली फिरवल्यासारखं केलं.
मी पळालो. चपला हॉलमध्येच राहिल्या.
दीड वर्षाचं पोर. फिट येऊन श्वास थांबलेला. मी पोहोचलो तेव्हा कपाटाचं दार वाकून लोंबत होतं. धाकटीने ऑक्सिजन सिलिंडरच्या पान्याने ते उचकटलं होतं. तिच्या मनगटातून रक्त येत होतं आणि ती छोटा मास्क पोराच्या तोंडावर धरून त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबत होती, मोठ्याने आकडे मोजत. मी किल्ली हातात धरून उभा होतो. कुणीतरी म्हणालं, बाजूला व्हा. मी बाजूला झालो.
पोर रडलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

२१ फेब्रुवारी
अहवाल माझ्याकडे आला. लिहिलं, किल्ली वेळेत उपलब्ध झाली नाही. इन्चार्ज सिस्टरनी तो परत पाठवला. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, किल्ली स्वतः चालत येते का?
पुन्हा लिहिलं. कुलूप मी लावलं. धाकटी नको म्हणत होती. किल्ली माझ्या गळ्यात होती. मग हात थांबला नाही. दुसरं पान घेऊन गेल्या वर्षीचं लिहिलं, देवापासून चपलेपर्यंत.
त्यांनी दोन्ही पानं उभ्यानेच वाचली. पहिलं ठेवून घेतलं, दुसरं परत दिलं. म्हणाल्या, हे आम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, कसं? म्हणाल्या, तेव्हा तुम्ही किल्ली पुढे केलीत ना, तिला फुलाची पाकळी चिकटलेली होती. खोलीतल्या सगळ्यांनी पाहिली. मावशींनीच ती मग झाडून काढली.
मग मला समन्वयक का केलंत, विचारलं. म्हणाल्या, वाटलं, हा माणूस तरी आता कुलूप लावणार नाही.
वर्षभर मी जपून ठेवलेली गोष्ट सगळ्यांच्या घरी होती.

२३ फेब्रुवारी
आजपासून समन्वयक धाकटी. तिने कपाटाचं दार काढूनच टाकलं. मेल वॉर्डवाले आले आणि सुया घेऊन गेले. तिने वहीत लिहून घेतलं आणि संध्याकाळच्या आत नव्या भरल्या. एवढं सोपं होतं.
दुपारी जिन्यात त्या पोराची आई भेटली. पोर खांद्यावर, तोंडात स्वतःची मूठ घालून. म्हणाली, दादा, तुम्ही त्या दिवशी होता ना? तुमचे उपकार. मी म्हटलं, मी नव्हतो, ती धाकटी सिस्टर. म्हणाली, तरी तुम्ही सगळेच. आणि वर निघाली.
चार पायऱ्या जाऊ दिल्या. मग मागून जाऊन सांगितलं. कुलूप कुणाचं, किल्ली कुठे होती, मी कुठे काय बोलत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं.  मग पोराला एका खांद्यावरून उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.