टाकीतून वर आणलेला माणूस

पुसद,
१४ डिसेंबर २००७

प्रिय सैफ,

आपाचा सलाम आणि पुष्कळ दुआ. जहाजाची वाट पाहत तू अजून मुंबईतच थांबला आहेस असं एजंटने सांगितलं, म्हणून तिथल्या पत्त्यावर लिहिते आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.

अम्मीच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "इतकी घाण होती काय हे भिंत?" आम्ही सगळे हसलो. थंडी चांगलीच पडली आहे. बाजारात कापूस येतो, पण गाड्या घेऊन आलेल्या माणसांच्या तोंडाकडे पाहवत नाही. तुझे दुल्हाभाई जहाजावर जाण्याआधी ज्या जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करायचे, ते बंद पडलं ते पडलंच. आवारात बकऱ्या चरतात.

दुल्हाभाई बरे आहेत. म्हणजे बसून असले की बरे असतात. मशिदीत जाताना मधे देवीलालच्या टपरीवर टेकावं लागतं. देवीलाल न विचारता स्टूल पुढे करतो. वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचा श्वास संपतो, म्हणून हल्ली बोलतातही थोडंच. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आतून कडक झाली आहेत, ती आता पूर्वीसारखी व्हायची नाहीत. जहाजच काय, सायकलही सुटली.

सैफ, त्यांच्या भरपाईच्या दाव्याच्या मुंबईच्या सुनावणीला मी आले होते. त्यांना जिने एकट्याने चढवत नाहीत, म्हणून सोबत गेले. मागच्या बाकावर बुरख्यात बसले होते. तू आमच्याकडे पाहिलंच नाहीस.

कंपनीचे डॉक्टर तुझ्या आधी बोलले. आजार जहाजावरच्या कामाने झाला असेल तरच भरपाई, असा करार आहे ना? मग ते म्हणाले, हा माणूस पूर्वी जिनिंगमध्ये होता, कापसाच्या धुळीने याची छाती गेली, यात जहाजाचा काही संबंध नाही. आपल्या वकिलांनी विचारलं, "दर वेळी जहाजावर चढवण्याआधी तुम्हीच तपासत होता ना? तेव्हा छाती चांगली होती?" डॉक्टर म्हणाले, तेव्हा दिसलं नसेल.

मग कंपनीने तुला बोलावलं. मी घाबरले. पण तुझ्या दुल्हाभाईंनी माझा हात दाबला. "कोणी का बोलवेना," ते म्हणाले, "सैफ आपला आहे. आता सांगते पाहा तो."

तू सांगितलंस. इकबाल टाकीत उतरलाच नव्हता. इकबालला खोकला घरूनच होता, पुसदलाही खोकायचा. तू त्यांना इकबाल म्हणालास. लग्न झाल्यापासून तुझ्या तोंडून मी दुल्हाभाई सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं.

कोणत्या माणसाबद्दल बोलत होतास रे? तू चौकात रिकामा बसायचास तेव्हा त्यांनी तुला मुंबईला नेलं. तुझ्यासाठी एजंटच्या दारात उभे राहिले. तू पहिल्यांदा जहाजावर चढलास तेव्हा उलट्यांनी उठवत नव्हतं, तर तुझ्या वाट्याचं काम त्यांनी केलं. हे मला त्यांनी नाही सांगितलं, तूच सांगितलंस, इथे ओट्यावर बसून.

आणि गेल्या वर्षीच्या रमजानमधला तो फोन? कुठल्याशा बंदरातून तू रडत बोलत होतास. रसायनाची टाकी धुवायला त्यांना उतरवलं, आत हवा आहे की नाही ते कोणी पाहिलं नाही. ते आत पडले. तू कमरेला दोरी बांधून उतरलास, त्यांना पाठीवर घेऊन वर आणलंस. तोंडाला फेस होता म्हणालास. वरच्या साहेबाने हे कुठे बोलायचं नाही असं बजावलं, तेही सांगितलंस. त्या दिवशी अम्मीने सगळ्या गल्लीत शिरा वाटला. माझ्या पोराने जावई वाचवला, म्हणत दारोदार फिरली.

काहून केलं असं? दावा फेटाळला गेला आणि त्याच आठवड्यात एजंटने मला मोठ्या आनंदाने सांगितलं, तुमच्या भावाला वरची जागा मिळाली. मी त्याला मुबारक म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सुनावणीहून परतीच्या प्रवासात ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "त्याले जहाजावर परत जायचं आहे. मले नाही."

"तुम्हाले राग नाही येत?"

"रागाले श्वास लागते, अतिया."

अम्मीला मी निकाल लागायचा आहे असंच सांगत राहिले. डोळा बरा होऊ दे म्हटलं. मागच्या जुम्म्याला तिने सरळ विचारलं, "सैफनं टाकीचं सांगितलं ना?" माझ्याने खोटं बोलवलं नाही. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेली.

वकील म्हणतात, अजून वर दाद मागता येईल, पण टाकीचं ऐकलेलं कोणी तरी उभं राहायला पाहिजे. मी उभी राहते म्हटलं. बायकोच्या शब्दाला फारसं वजन नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन मी हे यांना सांगत होते, अम्मी भाजी निवडत होती. मला वाटलं, ही आता माझे पाय धरेल. एकुलता एक मुलगा आहे तिचा.

ती म्हणाली, "त्या दिवशी फोन पयले मी घेतलता."

"मग?"

"मग मले घेऊन चाल."

"अम्मी, सैफची नोकरी जाईल."

"इकबालची छाती गेली. कोणी विचारलं?"

तुझे दुल्हाभाई तिला नको नको म्हणत होते. ऐकलं नाही तिने. वकिलांनी पुढच्या महिन्यात यायला सांगितलं आहे. सुखीबाई शेजारीण घर पाहणार आहे.

मी हे धमकी म्हणून लिहीत नाही. तू स्वतः जाऊन खरं सांगितलंस, तर अम्मीला तिथे उभं राहून पोटच्या पोराला खोटा म्हणावं लागणार नाही. तेवढं वाचव. जीव वाचवणं तुला येतं, मला माहीत आहे.

शेवटी अम्मीचा सलाम लिहू का, असं आत्ता तिला विचारलं. "नको," म्हणाली. "मुंबईत समोर येईन, तवा त्यानंच मले सलाम करावा. तोंड वर झालं तर."

अजून तरी तुझीच आपा,
अतिया