पसरणीचा उतार आणि बंद इंजिन

आबा,

गाडी घेतली. पेट्रोलवर चालते आणि बॅटरीवरही, आणि कधी कशावर चालायचं ते तिचं तीच ठरवते. तुम्हाला हे पटलं नसतं. इंजिन कधी बंद करायचं ते ड्रायव्हरनं ठरवायचं, असं तुमचं म्हणणं होतं, आणि त्यावरून आपल्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या लग्नावरूनही झाली नाहीत. शोरूममधल्या पोरानं कागदावरचं अ‍ॅव्हरेज सांगितलं तेव्हा मला तुम्हीच आठवलात. "कंपनीवाल्यांची गाडी पाचगणीला कवा चढली व्हती का?" असं म्हणून तुम्ही जीपचं अ‍ॅव्हरेज स्वतः काढायचात. पंप नेहमीचाच, टाकी गळ्यापर्यंत भरायची, मग जीप धरून हलवायची, म्हणजे अडकलेली हवा निघून आणखी थोडं डिझेल मावतं. पंपावरचा माणूस म्हणायचा, "आवं आबा, ढेकर काढताय व्हय गाडीची?" मीही परवा टाकी तशीच भरली, फक्त गाडी हलवली नाही, लोक बघत होते. अ‍ॅव्हरेज कागदावरच्यापेक्षा बरंच कमी आलं. घाट चढायचा म्हटलं की गाडी पिणारच, मग ती कितीही शहाणी असो.

तुमची वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी, जीप पाचगणी-वाई करायची. माणसं कोंबून भरलेली, मागं लोंबकळणारी वेगळी. पाचगणी सुटून उतार लागला की तुम्ही स्टॉपची नॉब ओढता, इंजिन गप्प होतं, आणि जीप आपल्या वजनानं पसरणी घाट उतरायला लागते. मग फक्त वारा आणि टायरचा आवाज. खाली सपाटी आली की गियर टाकून क्लच सोडायचा, जीप एक गचका खाते आणि इंजिन लागतं. "डिझेलबी वाचलं, बॅटरीबी वाचली," असं तुम्ही दर खेपेला म्हणायचात. बॅटरीचा तर तुम्हाला ध्यासच होता. तिला आठवणीनं पाणी घालायचं, टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्यानं धुवायचा आणि स्टार्टर शक्यतो मारायचाच नाही. म्हणून जीप कायम उतारावर उभी. वाईला सासुरवाडीच्या दारात सपाट रस्ता, तर तुम्ही गाडी नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर लावून चालत यायचात, आणि मामा म्हणायचे, जावई पायी आले. मला कॉलेजसाठी सांगलीला सोडायला आलात तेव्हा मात्र पंचाईत झाली. सगळं हॉस्टेल फिरून तुम्ही म्हणालात, "लय चांगलं गाव, पर उतारच न्हाई." निघताना जीप लागेना. ज्या मुलींची नावंही मला ठाऊक नव्हती त्यांनी धक्का मारला, आणि तुम्ही हात हलवत निघून गेलात. त्यातल्या दोघी आजही माझ्या मैत्रिणी आहेत.

आईला मात्र तो बंद इंजिनचा घाट कधीच सोसला नाही. एकदा वाईला मावशीकडं हळदीकुंकवाला निघालो होतो, घरचेच तिघं. इंजिन बंद, म्हणजे गियरचा आधार नाही, सगळा भार ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला. तुम्ही ब्रेक दाबताय आणि जीप थांबत नाही, हे मला तुमच्या मानेवरून कळलं. तुम्ही तिला डोंगराकडच्या चरीत घातलंत, चाक दगडाला अडलं आणि थांबलो. आई पदर सावरून उतरली आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केला. त्या दिवसापासून ती घरून जीपमधून पाचगणीपर्यंतच यायची आणि तिथून पुढं एसटीनं. तुम्ही वाईच्या स्टँडवर तिची वाट बघत उभे. "इंजान चालू ठिवा, मी बसते," एवढंच तिचं मागणं होतं, आणि तेवढंच तुम्ही कधी ऐकलं नाहीत. ती एसटीच्या खिडकीतून प्रत्येक वळणावर खाली तुमची जीप शोधायची. हे तिनं मला तुम्ही गेल्यावर सांगितलं. तुम्ही घाटात नाही, दवाखान्यातल्या खाटेवर गेलात. तरी ती पुन्हा कधी लहान गाडीतून घाट उतरली नाही.

आता मावशी अंथरुणाला खिळली आहे आणि आईचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत. बहिणीला बघायचं तर माझ्या गाडीतूनच, दुसरा मार्ग नाही. म्हणून रविवारी तिला पुढं बसवलं आणि आधीच सांगून ठेवलं, की आई, उतारावर हिचं इंजिन आपोआप बंद होतं, ब्रेकला काही होत नाही, उलट बॅटरी भरते, घाबरू नकोस. ती म्हणाली, "बरं." पण ती उतरून परत जायला निघेल, अशी भीती मलाच जास्त होती. पहिलं वळण गेलं आणि इंजिन गप्प झालं. वारा आणि टायर. मी स्क्रीनवर बॅटरी भरताना बघत होते. आईनं दाराची मूठ घट्ट धरली होती. ती समोर बघत म्हणाली, "आवं, इंजान चालू करा. पोरगी हाय गाडीत."

गाडी मी चालवत होते, आबा. आणखी दोन वळणं गेली आणि बॅटरी पूर्ण भरली. ती भरली की आणखी साठवायला जागा नसते, मग ही गाडी उतारावर वेग आवरायला स्वतःच इंजिन फिरवते. घरघर सुरू झाली. आईनं मूठ सोडली. "ऐकलंत एकदाचं," म्हणाली आणि खिडकीतून धोमचं पाणी बघत बसली. वाई आल्यावर मला म्हणाली, "थांब गं जरा, मावशीला डाळिंबं घिऊ."

हा कागद गाडीच्या कप्प्यात पीयूसीखाली ठेवते आहे, तो दुसरीकडं कुठं जायचा नाही. इंजिन बॅटरी भरली म्हणून लागलं, हे मी तिला सांगितलेलं नाही. आणि पुढच्या रविवारी तिला पुन्हा घेऊन निघताना बॅटरी थोडी आधीच भरलेली असली तर बरं, असं मला वाटतंय.