आत्याला गप्प ठेवणारं गाणं

आंबिवली,
५ फेब्रुवारी २०२४

चि. नयन यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा फोन पुन्हा हरवला, म्हणून तुझ्या दोस्ताच्या, प्रफुल्लच्या पत्त्यावर लिहितेय. एका जागी बूड टेकून वाच.

आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बुधवारी, १४ तारखेला, कल्याणला आहे. एक डोळा आधीच गेलाय, हा एकच उरलाय. भूल नाही, नुसते थेंब; ती पूर्ण जागी असणार. त्याच भीतीने दोनदा टेबलावरून उठून आली. डॉक्टर म्हणाले, आवडीची गाणी आणा, ऐकत पडली की धडधड कमी होईल. पण मान हलता कामा नये, ओठसुद्धा नाहीत. आता चाळीस वर्षं लोकांच्या हळदीत धवले गाणारी बाई गाणं ऐकून गप्प पडेल का? घरी लावून पाहिलं. भंगारवाल्याच्या टेपलाही तिने साथ दिली.

तू लग्नांत बेंजो वाजवत हिंडतोस, काहीतरी सुचव.

आशीर्वाद आहेतच, अक्कलही येवो.
तुझी दिशाताई


घोडबंदर रोड,
९ फेब्रुवारी २०२४

ती. दिशाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तडक निघालो. म्हणजे वाटेत एकाचा स्पीकर दुरुस्त केला, त्याच्याकडेच जेवलो, पण निघालो.

उपाय सापडलाय, सुमतीमावशी! राघोकाकाच्या हळदीत ती धवला गात होती आणि आत्याने भर मांडवात तिला थांबवून त्यातली मामाच्या मानाची ओळ सुधारलेली, आठवतं? बारा वर्षं दोघी बोलत नाहीत. पण त्याच दिवशी आत्याने शपथ घेतलेली, सुमती गात असताना पुन्हा तोंड उघडणार नाही. म्हणजे आत्या गप्प बसेल असा एकच आवाज आहे जगात.

मावशीच्या शेतावर टॉवर आला, आता ती त्यातच चौदाव्या मजल्यावर. मी आधी लिफ्टने बाविसाव्यावर जाऊन आलो, खाडी काय दिसते गं तिथून! मावशीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, शेवटी सगुणाला गरज माझीच पडली ना? मग बाल्कनीचं दार लावून वीस मिनिटं गायली. पेनड्राइव्ह सोबत आहे. हॉर्न ऐकू येतील तो ट्रॅफिक, मावशी नाही.

माया पातळ करू नकोस.
तुझा उनाड
नयन


आंबिवली,
१५ फेब्रुवारी २०२४

चि. नयन यास,
अ. उ. आ.

डोळा वाचला. आधी तेच लिहिते.

नर्सने सांगितलं, आवाज सुरू झाल्यावर आत्याच्या कपाळाला आठी पडली, पण श्वास संथ झाला. शेवटाकडे तिने एकदम चादर मुठीत आवळली. डॉक्टरांनी हात उचलला, दुखतंय का विचारलं. ही दगडासारखी गप्प.

बाहेर आल्यावर मला वाटलं देवाचं नाव घेईल. म्हणाली, सुमतीने मामाची ओळ गाळली. तीच ओळ! तेव्हा चुकली, आता खाऊनच टाकली मेलीने. थेंब घालताना तेच, जेवताना तेच. पट्टी निघाली की घोडबंदरला जाऊन तोंडावर सांगणार आहे. शपथेचं काय, विचारलं. तर म्हणते, गाणं संपलं की आता.

सुखी राहा, आणि फोन घे.
दिशाताई


घोडबंदर रोड,
१९ फेब्रुवारी २०२४

ती. ताई,
सा. न.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. त्या दिवशी मी चपला घातल्यावर मावशीने परत आत बोलावलं. म्हणाली, ऑपरेशन होईपर्यंत बोलू नकोस, मामाची ओळ मुद्दाम गाळलीय. एवढं केल्याशिवाय ती बाई माझ्या दारात यायची नाही. आत्या मध्येच ओरडली तर डोळा जाईल, म्हटलं. मावशी म्हणाली, सगुणा शपथ मोडायची नाही, तिला मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखते. तरी १४ तारखेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही, दोन वडापाव सोडून.

आत्याला हे सांगू नकोस. रागातच येऊ दे.

मला शिव्या घाल, पण मनातून काढू नकोस.
नयन

ता. क. आज वॉचमनने मला अडवून विचारलं, सगुणाबाई कधी येणार? मावशीने गेटवर नाव देऊन ठेवलंय, नऊ तारखेपासून. काही विचारायचं नाही, सरळ वर सोडायचं.